तिला दिलं तरी काय?

अहो, ऐकलंत का? या ना अशा कुंपणाशी. आमच्या ह्यांना ऐकू गेलं तर म्हणतील, खापर गावच्या बाजारात पेपर वाटायची गरजच नाही!

काल दळण घेऊन वहिनी आल्या, ओट्यावर टेकल्या आणि विषय निघाला तो पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांचा. तेच ते खुनाचं, १९५६ सालचं. विधवा बाई, पैसाअडका बाळगून, आणि घरातला डॉक्टर लागू. १२ नोव्हेंबरच्या रात्री दोघं मुंबईच्या गाडीत बसली. सकाळी बाई जी. टी. हॉस्पिटलात, बेशुद्ध. आणि लागूनं नाव काय सांगितलं माहितेय? इंदुमती! गेली बिचारी, अन् देह बेवारशी.

पुढचं ऐका. पुण्यात नातेवाइकांना बाईंच्या नावानं खोटी पत्रं! मी लग्न केलं, राठोडीच्या जोशांशी. वहिनींनी तर तोंडावर पदरच घेतला. म्हणाल्या, "मेल्यावरही बदनामी?"

तर काय सांगत होते... हं, विष. पोटातलं सगळं तपासणीला गेलं आणि रिपोर्ट आला, विष सापडलं नाही! कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "मग लागूला फाशी कशी दिली?" चेहराच पडला त्यांचा. अहो, पत्रं, खोटं नाव, हातात आलेला बाईंचा पैसा, सगळं जोडून. सुप्रीम कोर्टात १९५९ ला फाशी कायम झाली. तिघा न्यायमूर्तींत हिदायतुल्ला आणि दास एका बाजूला, न्यायमूर्ती सरकार मात्र म्हणाले, मला नाही पटत. आता बोला!

मग दिलं तरी कुठलं विष? आमच्या कामाला येणाऱ्या मावशींना डोंगरातलं झाड न् झाड ठाऊक. भांडी घासता घासता म्हणाल्या, "धोतरा नसेल. माणूस बरळतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, डबा जागा झाला असता." खरंच की! ठगांच्या काळापासून वाटसरूंना धोतराच तर देत, पण लुटून पळायला. काजरा म्हणावं तर अंग धनुष्यासारखं वाकतं. मी म्हटलं, मग पिवळी कण्हेर! बिट्टी हो, आपल्या कुंपणाची. ती थेट काळजाला धरते, आणि तेव्हाच्या लॅबला कुठे सगळं सापडायचं? हा माझा आपला अंदाज.

असं इंग्लंडातही झालेलं. पामर म्हणून एक, तोही डॉक्टरच बरं का. घोड्यांच्या रेसवाला मित्र कुक १८५५ ला आचके देत मेला, काजऱ्याच्या अर्कानं, असं सरकार पक्षाचं म्हणणं. टेलर म्हणून मोठा तज्ज्ञ, त्यालाही त्या प्रेतात अर्क काही मिळाला नाही. तरी पुढच्या वर्षी पामर फासावर!

एवढं मी रंगवून सांगितलं, आणि काकू काय म्हणाल्या? "अगं, डॉक्टरला कण्हेर कशाला लागते? बॅग होती की त्याची!"

माझं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मावशी तर फिस्सकन हसल्या. आणि वहिनी? चहा तसाच ठेवून निघाल्या. "बिट्टी कुंपणालाच आहे ना हो तुमच्या?" म्हणे.