गळतीचे लाभधारक

वॉशिंग मशीन गळायला लागलं की पहिली अडचण पाण्याची येत नाही, पत्त्याची येते. आमचा पत्ता बारामती, जिल्हा पुणे, पिन कोड 413102. आता सोलापूर शहराचा पिनही 413नेच सुरू होतो, आणि कॉल सेंटरवरच्या मुलीचा जिल्ह्यापेक्षा पिनवर जास्त विश्वास. त्यामुळे तक्रार सोलापूरला गेली. तिथल्यांनी जिल्हा वाचून ती पुण्याला पाठवली. पुण्यानं पिन वाचला. दरम्यान मला रोज एक संदेश यायचा, की माझं समाधान हेच त्यांचं ध्येय आहे. मी फरशी पुसून तो वाचायचो.

हे दुःख मी इंदापूरच्या मेव्हण्याला सांगितलं. त्याचाही जिल्हा पुणे आणि पिन 413106, म्हणजे समदुःखी. तो म्हणाला, "दाजी, पुणे-सोलापूरचं भांडण आम्हाला नका सांगू." बरोबरच आहे. उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, आणि पाणी इंदापूरच्या गावांवर. पळसदेवाचं जुनं देऊळ त्याच पाण्यात गेलं. धरण आटलं की लोक ते बघायला जातात. 2021च्या एप्रिलमध्ये, पुण्याहून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातलं 5 टीएमसी इंदापूरला द्यायचं ठरलं. सोलापूरकर पेटले आणि मे महिन्यात निर्णय रद्द झाला. पुणेकरांनी कपडे धुऊन सोडलेल्या पाण्यासाठी दोन बाजू रस्त्यावर उतरतात, आणि माझ्या मशीनखालच्या बादलीभर पाण्यावर एक शाखा हक्क सांगेल तर शपथ.

मग घरातल्यांनी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी निदान सुरू केलं. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येतात तसे लोक मशीन बघायला आले. चहा झाल्यावर प्रत्येकानं वेगळा भाग सांगितला आणि कुणीही वाकून खाली बघितलं नाही.

वास्तविक गळती शोधायची रीत साधी आहे. कुठं गळतंय हे विचारायचं नाही, केव्हा गळतंय ते बघायचं. मशीन बंद, नळ मात्र चालू, आणि तरी ओल, तर इनलेट पाइपाचा वायसर गेला. पाणी भरताना गळलं तर इनलेट व्हॉल्व्ह, नाहीतर पावडरीच्या ट्रेची नळी. कपडे घुसळताना गळलं तर टबाखालचं सील, आणि तो खर्च मोठा. पाणी सोडताना गळलं तर ड्रेनचा व्हॉल्व्ह किंवा पाइप. एवढ्यासाठी कुणीतरी पूर्ण धुणं होईपर्यंत टॉर्च घेऊन फरशीवर बसायला हवं. ज्याला पेन्शन मिळते त्यानं बसावं, असं घरात एकमतानं ठरलं. पेन्शन एकालाच मिळते.

त्यातून पाणी जिथं गळतं तिथं पडेल तर ते पाणी कसलं. ते पत्र्याच्या कडेनं सरकत जातं, सगळ्यांत खालचा पाय शोधतं आणि तिथं टपकतं. 2025च्या मे महिन्यात धो धो पावसात आमच्या तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, तेव्हा कुठं फुटला हे कुणाला शोधावं लागलं नाही. पाणी घरांत शिरलं, पालखी मार्गावर आलं. मोठ्या गळतीत हा एक सरळपणा असतो. मी मशीनखाली रद्दीचे पेपर पसरले. भरताना कोरडे, घुसळताना कोरडे. पाणी सोडायला लागलं की मागची डावी बाजू भिजायची.

हे सगळं मी कंपनीच्या इंजिनिअरला सांगितलं. हो, तो आला शेवटी. कुठल्या शाखेचा ते विचारलं नाही, उगाच परत गेला असता. त्यानं पाणी भरलं, मशीन जरा घुसळू दिलं, "गळत नाही" म्हणाला. मी म्हटलं, पाणी सोडताना गळतं, थांबा. त्याला पुढची व्हिजिट होती. जाता जाता त्यानं विचारलं, "बोअरचं पाणी का?" आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर बहुधा होच असतं. क्षार सगळ्यांनाच ठाऊक आहेत. नळाच्या तोंडावर पांढरे थर दिसतातच. त्यानं क्षार काढायची पावडर विकली, व्हिजिटचे पैसे घेतले आणि तक्रार मिटवली. लगेच संदेश आला: सेवेला किती तारे द्याल? गळतीचं नाव त्यात नव्हतं.

अखेर भिगवण चौकाकडचा एक मेकॅनिक आला. त्यानं काहीही न विचारता मशीन भिंतीला कलवलं, खाली हात घातला आणि ड्रेनचा पाइप बाहेर काढला. त्याला दातांनी पाडलेलं भोक होतं. "उंदीर," तो म्हणाला. "ऊस तुटायला लागला की घरांकडं सरकतात." म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम आणि आमच्या मशीनची गळती यांचा संबंध निघाला. वॉरंटीचं कार्ड काढून बघितलं. पूर, वीज पडणे, यांच्या पंगतीला उंदीर बसलेला होता, आणि त्यानं केलेलं नुकसान माझं होतं. मेकॅनिकनं पाइप बदलला, खालून उंदरांची जाळी बसवली, आणि पूर्ण पाणी सुटेपर्यंत उभा राहिला. पेपर कोरडे.

चार दिवस बरे गेले. मग शेजारच्या काकी कुंपणाशी आल्या. आमच्या मोरीमागे, त्यांच्या हद्दीत अळू आहे, हे मला माहीत होतं. ते कशावर वाढतं याची चौकशी मी कधी केली नव्हती. "भाऊ, अळू मान टाकायला लागलंय. पाइप बदलायची एवढी काय घाई होती?"

काकींचं माहेर कालव्याकडेचं. नीरा डावा कालवा 1885चा, इंग्रजांच्या वेळचा. सरकारनं त्याच्या अस्तरीकरणाचं काम काढलं तेव्हा कडेच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण कालवा पाझरतो म्हणून त्यांच्या विहिरींना पाणी असतं. टेलच्या इंदापूरपर्यंत पाणी पोचायचं तर पाझर थांबवायला हवा, आणि पाझर थांबला तर विहिरी जातात. अशा घरात वाढलेल्या बाईला जाळी आणि वायसरचं कौतुक सांगून उपयोग नव्हता. ती पिढीजात लाभधारक होती. मी म्हटलं, "काकी, साबणाचं पाणी होतं ते."

"पुण्याचंही साबणाचंच असतंय," काकी म्हणाल्या, आणि उन्हाळ्यात निदान दोन आवर्तनं तरी सोडा, अशी मागणी करून गेल्या. मी त्यांना कालव्याच्या पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायला सांगितलाय.