कृपया हात लावू नये

विज्ञान प्रदर्शनी जवळ आली की आमच्या झाडीपट्टीत थर्माकोलचा भाव वधारतो. सरकारनं २०१८ साली थर्माकोलची ताटं, वाट्या, मखरं बंद केली. ‘प्लास्टिकमुक्त गाव’ या मॉडेलला तो नियम लागू नसावा. मंडपाच्या कमानीवर ‘स्वतः करा, स्वतः शिका’ आणि आत टेबलाटेबलावर चिठ्ठी: ‘कृपया हात लावू नये’. चिठ्ठी रास्तच म्हणायची. मॉडेल बाबांनी रात्री दोन वाजता फेविक्विकनं चिकटवलेलं असतं. पोराकडं फक्त पाठांतराचं खातं.

इन्स्पायर-मानक या सरकारी योजनेत निवड झाली की पोराच्या खात्यात १०,००० रुपये येतात आणि नवकल्पनेचा महापूर लोटतो. म्हणजे अंधांसाठी स्मार्ट काठी. गेल्या वर्षी काठी, यंदा काठी, पुढल्या वर्षी रंग बदलून काठी. एवढ्या काठ्यांपैकी एखादी अंध माणसाच्या हाती पडल्याचं मात्र ऐकिवात नाही. हात लावायचा नसतो ना!

चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, पण प्रदर्शनीच्या हॉलमध्ये एक्स्टेंशन बोर्ड एकच. त्यामुळे ज्वालामुखी पेटला की पवनचक्की थांबते. परीक्षक येताना दिसले की सर पिन काढून इकडची तिकडं लावतात. मंडपात खऱ्या अर्थानं हातानं काम करणारे तेवढे तेच.

ताडोबाकडच्या एका मुलीनं ‘वाघ येताच वाजणारा सायरन’ मांडला होता. शेतात हिरवा भुसा, कुंपणाशी खेळण्यातला प्लास्टिकचा वाघ. परीक्षकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “बेटा, यात नवीन काय?”

“सर, वाघ तं रोजच येते. सायरन नवा आहे जी.”

‘सादरीकरणात आत्मविश्वास कमी’ असा शेरा तिला मिळाला.

या मंडळींसमोर दादाजी खोब्रागडे उभे राहिले असते तर? नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी. १९८३ साली धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या जपल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या, आणि वर्षांमागून वर्षं हेच करत ‘एचएमटी’ तांदूळ काढला. नाव त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं, यंत्राचा संबंध तेवढाच. शेरा तयार: शिक्षण तिसरी, योजना सहावीपासून पुढं. मॉडेल हलत नाही, दिवा लागत नाही. अपात्र.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतले डॉ. अभय आणि राणी बंग यांचं श्वासमापकही इथं टिकलं नसतं. दाईला मोठे आकडे मोजता येत नाहीत, पण बाळाला न्यूमोनिया आहे का हे तिलाच ओळखायचंय. मग एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर धोका. निरक्षर दाईच्या बोटांनी चालणारं यंत्र!

“बॅटरी कुठंय?” परीक्षक विचारतील. “ॲपला जोडता येईल का?” नाहीच म्हटल्यावर, लांबून आलेत बिचारे, म्हणून उत्तेजनार्थ प्रमाणपत्र.

तेवढ्यात जेवणाची हाक येईल. भात एचएमटीचाच असेल, आणि परीक्षक तो दोनदा मागून घेतील.