प्रॉपर काका

तुम्ही त्यांना ओळखता. पांढरे बूट, माकडटोपी, कुत्र्यांसाठी काठी आणि तोंडात एकच विशेषण. आमच्या वाट्याला ते रोज सकाळी आरे कॉलनीत, पिकनिक पॉइंटच्या रस्त्यावर येतात.

"तुम्ही प्रॉपर कुठले?"

"गोरेगाव."

"प्रॉपर गोरेगाव, की दिंडोशी?"

मी दिंडोशीचा. तेव्हापासून काकांच्या लेखी मी गोरेगावकर म्हणून वावरणारा तोतया आहे.

त्यांना चहा प्रॉपर लागतो, म्हणजे तबेल्यातल्या म्हशीच्या दुधाचा. पाऊस सात जूनला आला तरच प्रॉपर. नंतर येतं ते नुसतं पाणी. दसऱ्याला सोनं द्यायला जावं, तर पान उलटंपालटं करून विचारणार, "प्रॉपर आपटा, की कांचन?" एकदा शेजारचे गृहस्थ धापा टाकत आले. "बिबट्या! तबेल्याच्या मागे!" काका शांत. "प्रॉपर बिबट्या, की रानमांजर?" उलटतपासणी संपेपर्यंत त्या जनावराचे ठिपके गेले, शेपूट आखूड झाली आणि शेवटी ते म्याव म्हणाल्याचंही गृहस्थांनी कबूल केलं.

काकांचा इतिहाससुद्धा प्रॉपर. "१९४९ साली दारा खुरोडींनी डेअरी उभी केली, शहरातले तबेले इथं आणले. त्याआधी इथं प्रॉपर असं काही नव्हतंच." हे वाक्य ते नेमके पाड्यावरून रानभाजी घेऊन आलेल्या वारली आजींसमोर बोलले. वर विचारलं, "आजी, तुम्ही प्रॉपर कुठल्या?"

"इथल्याच."

"तसं नव्हे. मूळ गाव?"

"हेच."

"त्याच्या आधी?"

आजींनी शेवळांची जुडी पुढे केली. "घ्यायची तर घ्या."

काकांनी घासाघीस न करता घेतली. असं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

मग २०१९ साली काकांचा प्रश्न सरकारनंच उचलला. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती आणि वाद कोर्टात गेला होता. झाडं आहेत, बिबटे आहेत, पाडे आहेत. ते सगळं खरं, पण आरे हे प्रॉपर जंगल आहे का? ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या.

सकाळी रस्त्यावर बॅरिकेड. आम्ही सगळे फिरणारे निमूट मागे वळलो. काका पुढे गेले.

"प्रॉपर कुठले तुम्ही?" त्यांनी एका तरुण पोलिसाला विचारलं.

"वाई."

"प्रॉपर वाई?"

"नाही, जवळचं खेडं."

"तुमच्याकडे झाडं रात्री तोडतात?"

पोरगा गडबडला. "काका, घरी जा. जमावबंदी आहे."

"मी एकटा आहे. प्रॉपर जमाव कुठाय?"

माणूस तापदायक आहे, हे मी आजही लिहून देईन. पण त्या सकाळी प्रश्न विचारायची अक्कल आमच्यात त्याच्या एकट्याकडेच होती, हेही नाइलाजानं लिहावं लागतं.

७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी दसरा. टपरीवर कुणीतरी पेपर फडकवत म्हणालं, "काका, आता प्रॉपर स्टे मिळाला!"

"स्टे प्रॉपरच आहे," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "झाडांनीच थोडं थांबायला हवं होतं."