बदली शार्क

मरणाची आठवण करून द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा व्यवसाय आपल्याकडे कीर्तनकार आणि विमा एजंट पूर्वापार करत आले. पण डेमियन हर्स्ट या इंग्रज कलावंताची बिदागी ऐकली, तर बुवा टाळ खाली ठेवतील. 1991 साली त्यांनी ऑस्ट्रेलियात पकडलेला टायगर शार्क मागवला, काचेच्या टाकीत फॉर्मॅलिनमध्ये तरंगत ठेवला आणि नाव दिलं ‘जिवंत माणसाच्या मनातली मृत्यूची शारीरिक अशक्यता’. खर्च 50 हजार पौंड. तो जाहिरातसम्राट चार्ल्स साची यांनी सोसला. एवढ्या लांब नावावर पैसे लावायला जाहिरातवालाच हवा.

2012च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये हर्स्ट यांचं समग्र प्रदर्शन भरलं, तेव्हा लंडनमध्येच राहणाऱ्या वहिनींबरोबर मी गेलो. टेट मॉडर्न म्हणजे एके काळच्या वीजकेंद्रातलं कलादालन. तिथे एका काचपेटीत गाईचं कापलेलं मुंडकं, भोवती माश्या आणि वर टांगलेला विजेचा सापळा. माशी जन्मते, खाते, सापळ्यावर तडतडते, पडते. नाव ‘एक हजार वर्षं’. आपल्याकडे माश्या मारत बसलेल्याला घरचे कामधंदा बघायला सांगतात. इथे तोच कामधंदा होता आणि लोक तिकीट काढून बघत होते. आधी भिंतीवरचा मजकूर वाचायचा, मग चेहरा गंभीर करायचा, असा क्रम होता.

शेजारच्या एका दालनात जिवंत फुलपाखरं प्रेक्षकांच्या खांद्यावर बसत होती. प्रदर्शन उरकेपर्यंत त्यांतली नऊ हजारांहून अधिक मेली, असं पुढे वर्तमानपत्रांत आलं. त्यांच्या नावाची पाटी नव्हती.

गाय आणि वासरू मात्र अंगावर येतात, हे मान्य करायला हवं. दोघांचे नाकापासून शेपटीपर्यंत उभे दोन भाग, चार टाक्यांत. मधल्या वाटेने चालताना सगळं आतडं-कातडं दिसतं आणि थट्टा घशातच राहते. वहिनींच्या घशात मात्र काहीच राहत नाही.

“भावजी, माझी कोथिंबीर फ्रिजमध्ये चार दिवसांत काळी पडते. ह्यांचं इतकी वर्षं टिकतं कसं?”

वहिनी, टिकत नाही! पहिला शार्क सडला. औषध आतपर्यंत मुरलं नव्हतं. पाणी गढूळ झालं, कातडीला सुरकुत्या पडल्या. 1993 साली साचींच्या माणसांनी ती कातडी सोलून फायबरग्लासच्या साच्यावर चढवली. म्हणजे मृत्यूवर पेंढा भरला. पुढे अमेरिकेतल्या स्टीव्हन कोहेन या धनाढ्य गुंतवणूकदाराने हा ऐवज कोट्यवधी रुपयांच्या रकमेला घेतला आणि 2006 साली टाकीत चक्क नवा शार्क आला. कलाकृती तीच, कारण कल्पना तीच. मासा तेवढा बदली कामगार. मृत्यूची अशक्यता सिद्ध करायला दोनदा मरावं लागलं, तेही माशाला.

बाहेर पडायची वाट दुकानातून होती. तिथे रंगवलेली प्लॅस्टिकची कवटी 36,800 पौंडांना होती. वहिनींनी पोस्टकार्ड घेतलं.

मरणाचं असं मार्गी लागल्यावर जन्म तरी मागे का राहावा? 2024 साली ‘गार्डियन’ने उघड केलं, की 1990च्या दशकातली म्हणून दाखवलेली कबूतर, वासरं आणि शार्क अशी हर्स्ट यांची तीन फॉर्मॅलिनी कामं प्रत्यक्षात 2017 साली बनवलेली होती. त्यांच्या कंपनीचा खुलासा असा : साल हे कल्पना सुचली त्याचं असतं.

यात नवल वाटून घेऊ नका. आपल्या गावागावांत मागच्या पिढीचे निम्मे लोक 1 जूनला जन्मले, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तशी कल्पना सुचली. तेव्हा घरातल्या आजोबांचा दाखला जपून ठेवा. साची भेटले तर दाखवता येईल.