सप्तपर्णीचा सुवास

शके 1212 मध्ये आमच्या नेवाशात माउलींनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली. तेव्हापासून इथे कुठल्याही खांबाला टेकून कुठल्याही विषयावर बोलायची मुभा आहे, अशी माझी समजूत. मी विजेच्या खांबाला टेकलो होतो आणि विषय होता, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये झाडं कोणती लावायची.

“लिंब लावा मास्तर, नाहीतर करंज. करंजाला शेरडं तोंड लावत न्हाईत,” कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या.

“आजी, लिंब काय, बांधाबांधावर आहे!”

गुलमोहर मी आधीच बाद केला होता. मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, वादळात आडवा. एवढं बरोबर बोलून झाल्यावर माणसाने घरी जावं. मी सप्तपर्णीवर घसरलो. हिच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावातच ‘स्कोलॅरिस’. शांतिनिकेतनात पदवीदानाला हिची पानं द्यायची परंपरा. निवृत्त शिक्षकाला आणखी काय हवं? शिवाय सदाहरित आणि भराभर वाढणारी. ठराव एकमताने पास. रोपं रांगेत लावली, थेट खिडक्यांलगत.

झाडं वाढली, माझा सत्कारही झाला. मग एका वर्षी नवरात्र सरता सरता ती फुलली. हिरवट-पांढरे गुच्छ, दिसायला अगदी गरीब. दिवसभर काही नाही. दिवेलागणीला वास सुटला. वाटेवर एखादंच झाड असलं, तर तो सुगंधच म्हणायचा. पण खिडकीशी अख्खी रांग म्हणजे वऱ्हाडाने एकाच खोलीत अत्तराच्या बाटल्या फोडाव्यात तसं. शेजारी सिलिंडर तपासत होते. समोरच्या काकूंचं डोकं चढलं. दम्याचे अण्णा “फुलं गळेस्तोवर येत नाही” म्हणून लेकीकडे गेले. कोजागरीच्या दुधालाही तोच वास लागला. “काय दरवळतंय!” असं मी एकटाच म्हणत होतो.

“ह्यांना बारमाही सर्दी,” बायकोने गच्चीवर जाहीर केलं.

तातडीची बैठक बसली. झाडं तोडावीत, तर शहरी भागात 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी हवी. मी कायदा समजावून सांगायला उठलो, तेवढ्यात अध्यक्षांनी नवा ठराव वाचला : यापुढे झाडं आजी निवडतील, खड्डे मास्तर खणतील. काळी माती मे महिन्यात किती कडक होते, ते आजींना ठाऊक होतं. “पहार माझ्याकडं हाये,” त्या म्हणाल्या.