वेगासवारकऱ्यांसाठी हितोपदेश

लास वेगासला उतरल्यावर उगाच धावपळ करू नका. स्लॉट मशिनं विमानतळावरच मांडलेली आहेत. बॅगा यायच्या आत पैसे जावेत, इतकी तत्पर सेवा दुसरीकडे क्वचितच मिळते.

हॉटेलचं भाडं स्वस्त दिसलं तरी हरखू नका. वर बहुधा ‘रिसॉर्ट फी’ लागते, मग पोहण्याच्या तलावात पाय बुडवा की न बुडवा. कॅसिनोत भिंतीवर घड्याळ शोधू नका. तुमची वेळ कोणती आली आहे, ते यथावकाश कळेलच. रुलेटच्या चाकावर अनेक ठिकाणी ३८ घरं असतात आणि आकडा लागला की एकास ३५ मिळतात. मधल्या फरकावर झुंबरं लागतात.

घरी मात्र खुशाल सांगा की वेगासमध्ये एक पैसाही हरलो नाही. कॅसिनोंच्या प्रसिद्ध रस्त्याचा, म्हणजे ‘स्ट्रिप’चा, बहुतेक भाग मुळात शहराच्या हद्दीबाहेरच आहे.

आता आसपासचं. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच्या हूवर धरणाचं काम सुरू झालं. एक पाणी अडवतं, दुसरा पैसा. धरणातून निदान खाली काहीतरी सोडतात.

ग्रँड कॅन्यनही ‘जवळच’ आहे. दक्षिण कड्यापर्यंत गाडीने जेमतेम साडेचार तास. ती अफाट दरी पाहून माणसाला स्वतःचं क्षुद्रत्व कळतं म्हणतात. खर्च वाचवायचा असेल तर आदल्या रात्री ब्लॅकजॅक खेळू नका, नाहीतर तेच ज्ञान दोनदा विकत घ्याल.