अथ फिशटँक-जलपालट विधी

हा विधी रविवारी सकाळी, घरातील स्वच्छताप्रेमी मंडळी बाजारात गेलेली पाहून करावा. सगळे पाणी ओतून, गोटे साबणाने घासून, काच लख्ख पुसून भरलेला फिशटँक पाहताना माणसांना फार प्रसन्न वाटते. माशांचा अभिप्राय दुसऱ्या दिवशी घ्यावा म्हटले, तर घेता येतोच असे नाही.

पाव भागावर थांबता येते, त्यालाच या विधीचा अधिकार. शंभर लिटरच्या टँकमधून आठवड्याला वीस-पंचवीस लिटर पुरे. साबणाचा स्पर्श न झालेली बादली घ्यावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपले पोट राखतो आणि माशांचे कल्ले जाळतो. बादली दिवसभर उघडी ठेवली की तो उडून जातो. क्लोरामाइन मात्र हट्टी, त्याला औषधच लागते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे हे महापाप. त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. टँकमधून काढलेल्या गढूळ पाण्यातच तो हलका पिळावा.

आता मुख्य निषेध. हे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल सोडतात, आणि ते आम्ल पाण्यातील कार्बोनेट, म्हणजे केएच, हळूहळू संपवते. सहा महिने दुर्लक्षिलेल्या टँकचा पीएच त्यामुळे सहापर्यंतही उतरतो. तरी मासे मजेत दिसतात, कारण एवढ्या आम्लात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम होऊन बसतो आणि फारसा बाधत नाही. मग दिवाळीची साफसफाई निघते. सोसायटीचे बोअरचे पाणी, पीएच आठ, बादल्याच बादल्या ओतले जाते. दोन अंकांचा फरक म्हणजे आम्लतेत शंभरपट फरक. शिवाय तळाशी उरलेल्या पाण्यातील अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होऊ लागतो. भाऊबीजेपर्यंत टँक रिकामा. ‘माशाने घरावरचे अरिष्ट स्वतःवर घेतले,’ असा निर्वाळा अशा वेळी शेजारी देतात. अरिष्ट बहुधा बादलीतून आलेले असते.

दुर्लक्षिलेल्या टँकचे प्रायश्चित्त संथ असते: दर खेपेस दहा टक्के, तेही दिवसाआड. नवे पाणी हाताला टँकइतकेच कोमट लागावे. बोअरच्या ताज्या पाण्याची पीएच चाचणी लगेच करू नये. विरलेला कार्बन डायऑक्साइड आकडा खाली ओढतो. रात्रभर हवा लागू द्यावी, मग खरा आकडा कळतो. टँकरचे पाणी आलेल्या आठवड्यात चाचणी नव्याने करावी, कारण टँकर कोणत्या विहिरीवरून आला हे टँकरवालाही सांगत नाही.

दुकानदार पीएच उतरवणारी बाटली देईल, पुढच्या खेपेस चढवणारी देईल. दोन्ही नम्रपणे नाकाराव्यात. किंचित चुकीचा पण स्थिर पीएच बहुतेक मासे सोसतात. रोज दुरुस्त होणारा त्यांना सोसत नाही.

काढलेले पाणी मोरीत ओतू नये. त्यातले नायट्रेट कुंड्यांना मानवते.